बाटली ४५० मिलीची, अहंकार लिटरभर

डोंबिवलीत दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ दिसलं की शेजारी बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारतात. मी म्हशींचा डॉक्टर, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरतो आणि ‘आमची मांजर शिंकते हो, बघाल का?’ म्हणताना थोडा सावरतो. अशा वेळी मी इतिहास काढतो. परळचं आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. शेजारचं केईएम १९२६ चं, म्हणजे चाळीस वर्षांनी धाकटं. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं आहे, हे मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

मुरबाडकडे मात्र माझा भाव वेगळा. त्यातही दुग्धज्वराची केस आली की मी शर्टाला इस्त्री करून निघावं, असं मला वाटतं. म्हैस व्याली, चिकातून आणि दुधातून इतकं कॅल्शियम गेलं की रक्तातलं कमी पडलं. दोन-तीन दिवसांत ती बसते ती उठत नाही. कान गार, मान वळवून कुशीला टेकवलेली. घरात रडारड, कारण बँकेचा हप्ता त्याच म्हशीच्या दुधावर. भगत येऊन लिंबू कापून गेलेला.

मग मी येतो. बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून सावकाश सोडायची. घाई केली तर हृदय बंद पडतं, म्हणून बाटली गड्याच्या हातात, स्टेथोस्कोप माझ्या कानाला आणि चेहऱ्यावर शक्य तेवढं गांभीर्य. हळूहळू अंगावर थरथर येते. कोरड्या नाकावर पाणी जमतं. एक भरघोस ढेकर येतो, पो पडतो (इतक्या उत्कंठेने शेणाकडे बघणारा प्रेक्षकवर्ग दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल), आणि मेली म्हणून सोडलेली म्हैस धडपडत उभी राहते. आजी हात जोडते, ‘देवासारखे आलात बाबा.’ ‘अहो, हे सगळं कॅल्शियमचं,’ असं मी म्हणतो. पण इतक्या हळू की फक्त म्हशीला ऐकू जावं. पुढे गावभर श्रेय लिंबाला मिळतं, तेव्हा मात्र माझा विनय संपतो.

खाडीकाठच्या तबेल्यांत देवपण टिकत नाही. तिथे हिशेब लिटरचा. हरियाणातून आणलेली मुऱ्हा, पोटाला झालेला रेडा. त्याला पाजलेलं दूध म्हणजे गिऱ्हाइकाच्या किटलीतलं कमी झालेलं दूध, म्हणून त्याला पाजायचंच नाही. थोड्या दिवसांत तो मरतो. मग म्हैस पान्हा सोडत नाही, आणि मालक मला म्हणतो, ‘डॉक्टर, पान्ह्याची सुई द्या ना.’ त्या सुईतलं ऑक्सिटोसिन अडलेल्या विणीसाठी असतं. दूध काढायला जनावराला अपाय होईल अशी सुई टोचणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण मला राग कायद्यापायी येत नाही. ती म्हैस प्रत्येक धारेला मागे वळून बघते, आणि उपाय सुईचा नव्हता, चार आचळांतलं एक आचळ रेड्याला सोडण्याचा होता.

‘देत नाही,’ मी म्हणतो.

‘मग कसले डॉक्टर तुम्ही?’

सुई तो दुसरीकडून आणतो. म्हैस बसली की रात्री दोनला फोन मात्र मलाच करतो. मी जातो. फी दुप्पट सांगतो. तो निम्मी देतो, आणि वर विचारतो, ‘डॉक्टर, आता आलाच आहात तर माझं बीपी बघता का?’