आधी कळस, मग पाया

इंग्लंडात जीसीएसई या शालान्त परीक्षेत चित्रकलेचा शेवटचा पेपर 10 तासांचा. पण त्याआधी कल्पना कशी बदलत गेली, त्याचे पुरावे वहीत हवेत. लंडनच्या भाचीचं कोलाज पहिल्याच फटक्यात जमलं: चहात बुडवलेला कागद, वर बसची तिकिटं, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, मग काळी शाई. झाली पंचाईत! फसलेले प्रयत्न आणायचे कुठून? बाईसाहेब रात्रभर बसून ते बनवत होत्या. एकावर डिंक ओघळवला, एकाचा कोपरा फाडला. "मामा, हे जास्तच चांगलं झालं, बिघडवू का?" पिकासोनं 1912 मध्ये चित्रावर ऑइलक्लॉथ चिकटवून भोवती दोर गुंडाळला, तेव्हा समोर परीक्षक नव्हता, हे नशीब. आमच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला एकच कागद. फसला तर फसला. असो. तिची फसलेली चारही कोलाजं मूळ कोलाजापेक्षा सरस आहेत.