खरा लाभार्थी

महात्मा गांधी 1936 साली सेगावात राहायला आले, हे फार बरे झाले. आज ते आमच्या सिंदी (रेल्वे)त येऊन 'मातीची कुटी बांधतो' म्हणाले असते, तर घरकुलाच्या छाननीत पहिल्याच टेबलावर बाद झाले असते. भिंती मातीच्या, वर कवेलू, म्हणजे घर कच्चे, इथवर पात्र. पोरबंदरच्या वडिलोपार्जित घरावर हक्क नाही, असे शपथपत्र देता आले असते. घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे हवे; त्याला कस्तुरबा होत्याच. पण जागा? जागा जमनालाल बजाजांची. सातबारा नाही, आखीव पत्रिका नाही, पट्टाही नाही. शेरा : 'जागा स्वमालकीची नसल्याने अपात्र.' आणि वर तोंडी दिलासा : "पुढच्या यादीत पाहू, काका."

यात कोणाची चूक नाही. योजनाच तशी आहे. घर नसलेल्याला घर मिळावे म्हणून 25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. 2022 पर्यंत सर्वांना घर, असा वायदा होता. आमच्यासारख्या नगर परिषदेच्या गावात तिचा चालणारा प्रकार एकच : स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधा, केंद्र दीड लाख देईल, राज्य एक लाख देईल. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याला पैसे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला योजनेचा फलक, चौकात उभे राहून वाचायला.

2022 आले आणि गेले. मुदत वाढली. मग 1 सप्टेंबर 2024 पासून योजनेची दुसरी आवृत्ती आली, आणखी 1 कोटी कुटुंबांसाठी. मदत किती? अडीच लाख. मधल्या नऊ वर्षांत सिमेंट वाढले, सळाख वाढली, विटा वाढल्या, मिस्त्रीची मजुरी वाढली. अडीच लाखांनी मात्र आपली साधी राहणी सोडली नाही. 30 चौरस मीटरच्या, म्हणजे 323 चौरस फुटांच्या घराला हे पैसे वाटून पाहा, फुटाला पावणेआठशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्या पैशात फुटाचे घर बांधून देणारा ठेकेदार कोणाला सापडला तर त्याचा सत्कार करू, हार आमच्याकडून.

तरी माणूस उमेद धरतो. जुने घर पाडतो. घरातले सामान शेजाऱ्याच्या ओट्यावर, म्हातारी लेकीकडे, बाकीचे ताडपत्रीखाली. पैसे हप्त्याने, आणि हप्ता फोटोने. पायाचा फोटो, लिंटेलचा फोटो, छताचा फोटो, पूर्ण झालेल्या घराचा फोटो. मोबाइल घेऊन साहेब येतात. "बाई, जरा डावीकडे सरा, खांब दिसत नाही." बाई सरतात. "आता हसा." हसण्यासारखे काय झाले, ते बाईंना कळत नाही, पण फोटोत हसू येते. फोटो वर चढतो आणि हप्त्याची वाट सुरू होते. ती संपेपर्यंत हार्डवेअरवाल्याची उधारी, बचत गटाचे कर्ज आणि जावयाकडून घेतलेले, ज्याचा घरात कोणी उल्लेख करत नाही असे, काही हजार. घरकुलवाल्याला 5 ब्रास रेती मोफत, असेही शासनाचे धोरण आहे. रेती फुकट आहे. फक्त ती नदीत आहे. तिथून दारापर्यंतच्या ट्रॅक्टरला भाडे लागते.

शेवटी घर लिंटेलपर्यंत येऊन थांबते. त्यावर कपडे वाळतात, कोंबड्या बसतात. कागदावर मात्र त्याची प्रगती समाधानकारक असते.

आता कोणी म्हणेल, सरकारजवळ पैसाच नाही. असे कसे? याच योजनेत 2017 पासून मध्यमवर्गाच्या गृहकर्जावर व्याज अनुदान दिले गेले. वर्षाला 18 लाख कमावणारा, म्हणजे महिन्याला दीड लाख पगार घेणारा गरजूही त्यात बसत होता, आणि पुढे 200 चौरस मीटर चटईक्षेत्राचा फ्लॅटही बसू लागला. त्याला सव्वादोन लाखांच्या वर अनुदान मिळायचे. ताडपत्रीखालच्या बाईंना अडीच लाख, दीड लाख पगारवाल्याला सव्वादोन. याला म्हणतात सामाजिक समता! फरक एवढाच की त्याला पायापाशी उभे राहून हसावे लागत नव्हते. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या बिल्डरांनी तर अनुदानाचा आकडा जाहिरातीत फ्लॅटच्या फोटोपेक्षा मोठा छापला. सरकार देते, ते पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात राहू देणारा बिल्डर अजून जन्माला यायचा आहे.

आमच्या सिंदीचे भाग्य तर याहून मोठे. 2017 मध्ये इथे ड्राय पोर्टचे भूमिपूजन झाले. समुद्र शेकडो कोस दूर, पण बंदर आमच्या दारी. ड्राय पोर्ट म्हणता म्हणता त्याचे मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क झाले. कंटेनर यायच्या आधी लेआऊट आले. पऱ्हाटीच्या वावरात चुन्याच्या रेघा आखल्या, चार दगड रोवले, एक कमान उभी केली की झाली नगरी. भाव विचारला तर लेआऊटवाले भाऊ समजावून सांगतात : "सरकार तुमाले घरासाठी पैसे देऊन राह्यलं, मंग आमी प्लॉट सस्ता कायले द्याचा?" अर्थशास्त्राची जाडी पुस्तके जे शंभर पानांत सांगतात, ते भाऊंनी पान थुंकता थुंकता सांगितले.

हा सिद्धान्त साहेबाच्या देशातही सिद्ध झालेला आहे. इंग्लंडने 2013 मध्ये घर घेणाऱ्यांसाठी 'हेल्प टू बाय' योजना काढली. 2022 मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने म्हटले की, जिथे मदतीची सर्वांत जास्त गरज होती तिथे योजनेने घरांचे भाव मदतीच्या रकमेपेक्षाही जास्त वाढवले. घरे तेवढीच आणि पैसे जास्त, तर भाव चढणारच. आपल्याकडे गावखेड्यात जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत पूर्वी 50 हजार मिळत, आता 1 लाख मिळतात. ही आनंदाची बातमी जागा विकणाऱ्यानेही वाचली असणारच.

सिंदीचा तान्हा पोळा पाहायला लांबून माणसे येतात. लाकडी नंदी केवढे देखणे! झूल काय, माळा काय! पण त्यांना नांगराला जुंपावे, असे इथल्या पोरालाही वाटत नाही. आमच्या योजनांचा नंदीही तसाच सजतो, मिरवतो, बक्षीस घेतो. फक्त त्याच्या भरवशावर कोणीतरी आपले जुने घर पाडून बसलेले असते.

टीका पुरे, विधायक सूचना करतो. गरज आहे ती सरकारी जागेवर शासनानेच घरे बांधण्याची, अतिक्रमणातल्या कुटुंबांना वेळेत पट्टे देण्याची आणि हप्ता काम सुरू होण्याआधी देण्याची. पण हे अवघड आहे, त्याला जमीन लागते, आणि जमिनीवर मोठ्या लोकांचे लेआऊट आहेत. म्हणून सोपा उपाय सुचवतो. अनुदान शेवटी जायचे तिथेच जाणार असेल, तर मध्ये त्या बाईंना कशाला त्रास? बँक खाते, आधार, शपथपत्र, फोटो हे सगळे रद्द करा. रक्कम थेट लेआऊटवाले भाऊ, बिल्डर आणि रेतीवाल्याच्या खात्यात जमा करा. शासनाचा वेळ वाचेल, यादी छोटी होईल, आणि लाभार्थी शंभर टक्के पात्र निघतील. जागा त्यांच्याच नावावर आहे.