सणाचा सिनेमा आणि भंगारवाला

गणेशोत्सव आला की वाहिन्यांना १९७९ चा ‘अष्टविनायक’ आठवतो आणि मराठी माणसाची सिनेभक्ती तेवढ्यावर उरकते. अंगारकीला जालन्याहून पायी राजूरचा गणपती गाठणारे भाविक देव्हाऱ्यातली तसबीर जिवापाड जपतात. सणासुदीच्या पडेल सिनेमांच्या व्हीसीडी मात्र दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात. त्या गोळा करणारा अर्थातच वेडा. ‘यूट्यूबवर सगळं आहे की!’ आहे ना, चढवणाऱ्याची मर्जी असेपर्यंत. तेही बऱ्याचदा गाणी छाटून, कोपऱ्यात कुणाचं तरी बोधचिन्ह डकवून. ‘पण ते सिनेमे रद्दीच होते’ हा आक्षेप मात्र बराचसा खरा. त्यात एका चकतीत जेमतेम ऐंशी मिनिटं मावायची, म्हणजे ऐन चमत्काराच्या वेळी देवाला ताटकळत ठेवून दुसरी चकती घालायची. तरी त्या रद्दीतच त्या काळची माजघरं, जत्रेतली दुकानं, आरतीच्या चाली राहिल्या आहेत. उत्तम तेवढंच जपा म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पुण्यातल्या कोठाराला ८ जानेवारी २००३ रोजी लागलेली आग आठवावी. तीत प्रभातच्या सिनेमांची नायट्रेट रिळंही जळाली. सिनेमे वाचले ते आधीच प्रती काढल्या होत्या म्हणून. पडेल गणपतीपटाच्या प्रती कोण काढणार? त्याची उरलीसुरली प्रत म्हणजे ती ओरखडे पडलेली चकती, जी भंगारवाला तराजूतही घालत नाही.