घरचीच दोन मतं

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारालाच बोलावतात. आमंत्रण मात्र राज्यागणिक वेगळं. टेक्ससमध्ये मतदाराची पक्षवार नोंदच नसते. प्रायमरीला, म्हणजे उमेदवार निवडण्याच्या या मतदानाला, केंद्रावर जा, हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागा. न्यूयॉर्कमध्ये मात्र ज्या पक्षाचे म्हणून नोंद, त्याच पंगतीत पान. १९ एप्रिल २०१६च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा तर अर्ज ९ ऑक्टोबर २०१५पर्यंत द्यायचा होता. म्हणजे रिंगणात शेवटी कोण उरेल हे ज्योतिष्यालाही ठाऊक नसताना मतदाराने मन बदलून मोकळं व्हायचं!

या नियमाला वशिला चालत नाही, एवढं त्याचं कौतुक करायला हवं. त्या वेळी डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन उमेदवारीसाठी गावोगाव मतं मागत फिरत होते, आणि पोटची दोन मुलं, इवांका आणि एरिक, मुदत चुकवून बसली होती. रिपब्लिकन म्हणून नोंदच नाही, तर बापाला मत कुठून देणार? बापाने राज्य मोठ्या फरकाने जिंकलं म्हणून घरात निभावलं असावं. हरली एकच काउंटी: राहतं मॅनहॅटन.