शर्ट आला, शिंपी राहिला

अमेरिकेत नव्याने नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसचे कपडे घेताना पहिली अडचण येते ती गुणाकाराची. शर्टाला लटकलेली किमतीची चिठ्ठी तो वाचत नाही, सोडवतो. २० डॉलर दिसले की मनातल्या मनात त्यांचे रुपये होतात, रुपयांवरून लक्ष्मी रोडवरचं दुकान आठवतं आणि शर्ट होता तिथे परत जातो. ही खोड वर्षभरात जाते म्हणतात. काहींची ग्रीन कार्डापर्यंत टिकते. माझं म्हणणं एवढंच, की हे गणित चुकीच्या वस्तूवर चाललं आहे. अमेरिकेतल्या पगाराच्या मानाने पुरुषाचा ऑफिसचा कपडा तिथे मुळीच महाग नाही. महाग आहे तो त्या कपड्याला लागणारा माणसाचा हात. माप घेणारा, पँट आखूड करणारा, तुटलेलं बटण लावणारा, इस्त्री फिरवणारा. म्हणून परदेशात काटकसरीने कपडे घ्यायचे तर स्वस्त दुकान शोधून फारसं भागत नाही. दुसऱ्या कोणाचा हात न लागता अंगावर नीट बसेल असा कपडा शोधावा लागतो, आणि ते काम दुकान शोधण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

असं का, ते शर्टाच्या आतल्या पट्टीवरच लिहिलेलं असतं. बांगलादेश, व्हिएतनाम, भारत; शिवणारा हात बहुधा यांतल्याच कुठल्यातरी देशातला. तयार शर्ट कंटेनरमध्ये हजारोंनी रचला जातो आणि समुद्र ओलांडतो. शिंप्याला कंटेनरमध्ये रचता येत नाही, त्याला व्हिसा लागतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली, वेगवेगळ्या लेखांत, साधारण हेच सांगितलं होतं: श्रीमंत देशात वस्तू जगाच्या भावाने मिळतात, पण हजामत, धुलाई, शिलाई या गोष्टी त्या देशातल्या मजुरीच्या भावाने मिळतात. आपल्याकडे वस्तू जपायची आणि माणसाला दोन रुपये कमी द्यायचे, अशी हिशेबाची रीत. तिकडे ती उलटी करावी लागते. २० डॉलरची पँट दोन इंच आखूड करायला १५ ते २० डॉलर पडतात, म्हणजे उरलेली पँट आणि कापून टाकलेले दोन इंच यांची किंमत जवळपास सारखीच. यावर कोणी म्हणेल, न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर आपली माणसं आहेत, ती स्वस्तात करून देतील. माणसं आपली खरी, पण दुकानाचं भाडं आणि घराचा हप्ता अमेरिकेचाच असतो. आपलेपणाने फार तर चहा मिळतो.

आता हात लागू द्यायचा नाही म्हटलं की माप अचूक ठाऊक हवं, आणि इथेच आपला माणूस उघडा पडतो. भारतात तो बिनदिक्कत सांगतो, ‘मला चाळीस लागतो.’ चाळीस कशाचे, हे त्याने कधी विचारलेलं नसतं. बहुतेकांची समजूत छातीचे. खरं म्हणजे आपल्याकडच्या फॉर्मल शर्टावरचा चाळीस हा कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. अमेरिकेत कॉलर इंचात आणि अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढणारी. ४० सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच, आणि दुकानात असतो साडेपंधरा किंवा सोळा. जन्मभर चाळीस असलेला माणूस अशा रीतीने दोन मापांच्या मधल्या फटीत पडतो. त्यात बाहीची लांबी निराळी लिहिलेली. ती मोजायची मानेच्या मागच्या मध्यापासून, खांद्यावरून, मनगटापर्यंत. हे माप स्वतःचं स्वतः घेणं शरीररचनेत बसत नाही. घरातल्या कोणाला टेप धरायला लावावं, तर टेप अंगाला लागल्याबरोबर पुरुष पोट आत घेतो. गावाकडचा शिंपी ‘श्वास सोडा’ म्हणून आकडा काढायचा आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात पोऱ्याला सांगायचा, ‘कंबर साडेसदतीस!’ त्या जाहीर वाचनाची लाज वाटे, पण पँट बसे. अमेरिकन कंपन्यांना गिऱ्हाइकाची लाज काढायची नसते. ‘एस्क्वायर’ मासिकाने २०१० साली ३६ लिहिलेल्या पँटी टेपने मोजल्या, तेव्हा एका नामांकित साखळी दुकानाची छत्तिशी ४१ इंच भरली. एवढा सौजन्यशील शिंपी आपल्याकडे झाला नाही, आणि झाला असता तर टिकला नसता. म्हणून पट्टीवरचा आकडा हा आपला आकडा समजू नये. तो त्या कंपनीचा अभिप्राय आहे.

पँटच्या बाबतीत दुसरीच गोम आहे. भारतात रेडीमेड फॉर्मल पँट खालून न शिवलेली मिळते आणि दुकानदारच उंचीप्रमाणे दुमडून देतो, बहुधा फुकट. अमेरिकेत रोजच्या वापराची पँट कंबर आणि पायाच्या आतली लांबी अशा दोन आकड्यांनी शिवून तयार येते आणि मांडणीवर साधारण तिसाच्या लांबीपासून पुढची दिसते. २९ किंवा २८ लागणारा माणूस अमेरिकेत राहत नाही, असं कोणीतरी ठरवलेलं असावं. सुटाची तऱ्हा याहून न्यारी. जोडीने विकल्या जाणाऱ्या सुटात कोटाच्या छातीपेक्षा पँटची कंबर ६ इंचांनी लहान धरलेली असते. कोट ४०चा, तर पँट ३४ची. वरण-भात, तूप आणि बैठी नोकरी यांवर पोसलेल्या आपल्या देहात छाती आणि कंबर यांच्यातला हा भेदभाव चाळिशीच्या सुमारास मिटलेला असतो. पँट कमरेला सैल करायला कापडात तेवढी माया ठेवलेली नसते, आणि असली तरी ती उलगडणाऱ्याची मजुरी असते. यावर तोड आहे, ती म्हणजे कोट आणि पँट सुटे-सुटे विकणारी डिपार्टमेंट स्टोअर्स. अमेरिकेत सूट घ्यायचाच झाला तर तिथेच घ्यावा. जोडीवर मिळणारी सवलत पाहून भुलू नये. जोडपं मुळात आपल्या मापाचं नाही.

सवलतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण काटकसर करणारा माणूस नेमका तिथेच फसतो. तिकडच्या मोठ्या दुकानांत शर्टावर ६० डॉलर छापलेले असतात आणि ते कोणीही देत नाही. जे. सी. पेनी या जुन्या कंपनीत रॉन जॉन्सन नावाचे साहेब ॲपलमधून आले. त्यांनी २०१२ साली हा खोटेपणा बंद केला, कुपनं काढून टाकली आणि रोजचाच भाव कमी, प्रामाणिक असा ठेवला. त्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली आणि २०१३च्या एप्रिलात साहेब घरी गेले. तुळशीबागेतल्या कुठल्याही दुकानदाराने त्यांना हे फुकटात सांगितलं असतं: गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू नको असते, महाग वस्तू स्वस्तात हवी असते. मार्शल्स, रॉस वगैरे दुकानांत ‘इतरत्र किंमत अमुक’ असं छापून शेजारी निम्मा आकडा असतो, तोही याच जातीचा. या दुकानांतला ढीग उपसणं वाईट नाही. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर परदेशी निघालेला आणि उरलेला माल जसा उपसायचा तसाच. फक्त आपल्या मापाचं काही मिळालं तरच घ्यावं. ‘जरा ऑल्टर करून घेऊ’ हे वाक्य मनात आलं की हात मागे घ्यावा.

जाणते लोक इथे हमखास आक्षेप घेतात: एवढा उपद्व्याप कशाला, भारतवारीत शिवून आणावेत की! आक्षेप वजनदार आहे, आणि अडचणही वजनाचीच आहे. विमानात २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात. त्यांवर गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ, मुलांची पुस्तकं आणि शेजारणीच्या भाचीसाठी दिलेली पिशवी यांचा आधीच हक्क लागलेला असतो. कपडे मावलेच, तरी तीन आठवड्यांच्या मुक्कामात शिंपी पहिली ट्रायल विमानाच्या आदल्या दिवशी देतो. ही त्याची परंपरा आहे. तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. ती मापं पुरणपोळ्यांच्या दिवसांत घेतलेली असतात. तरीही एका बाबतीत हा आक्षेप मला मान्य आहे. चांगलं कापड आणि शिवलेला सूट भारतातूनच आणावा, कारण त्यात हाताचं काम सर्वांत जास्त आणि तो हात आपल्याकडेच परवडतो. रोजच्या शर्टांसाठी मात्र बॅगेतली जागा खर्चू नये. ती भाजणीला द्यावी.

शर्ट घेताना धुलाई धरली नाही तर सगळा हिशेब फसतो. बाहेर एक शर्ट धुऊन इस्त्री करायला दोनचार डॉलर पडतात. पाच ते दहा खेपांत २० डॉलरच्या शर्टाची किंमत वसूल होते, इस्त्रीवाल्याची. म्हणून ‘नॉन-आयर्न’ शर्ट घ्यावा. त्याच्या सुती तंतूंतल्या रेणूंना रेझिनने आतून एकमेकांशी बांधलेलं असतं, त्यामुळे चुण्या टिकत नाहीत. त्या बदल्यात कापड थोडं कडक होतं, घाम कमी शोषतं आणि झिजतं लवकर. हे खरं असलं तरी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ज्याला मागे सोडून यावं लागलं, त्याच्या शर्टात निदान रसायनाने तरी ती नोकरी करावी. कॉस्टको या मोठ्या दुकानातले असे शर्ट २० डॉलरच्या आसपास मिळतात, टेबलावर रचलेले. तिथे ट्रायल रूम नाही. ती आपल्या घरी असते. बसला नाही तर परत घेतात, कुरकुर न करता. न्यू जर्सीत राहत असाल तर नेहमीच्या कपड्यांवर विक्रीकरही नाही. न्यूयॉर्कात ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला राज्याचा कर माफ आहे.

राहता राहिले टी-शर्टवाले. हल्ली ऑफिसात कोण बघतं, असं ते म्हणतात. सॉफ्टवेअरच्या काही मजल्यांवर खरंच कोणी बघत नाही. पण हे स्वातंत्र्यसुद्धा एका पँटनेच आणलेलं आहे. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९८६ साली डॉकर्स नावाची खाकी पँट काढली आणि १९९२ साली देशभरातल्या हजारो कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना ‘कॅज्युअल म्हणजे काय’ हे समजावणारी पुस्तिका धाडली. खाकी हा शब्द आपल्या बाजूचा, धुळीच्या रंगाचा. आपल्याकडे तो हवालदाराला मिळाला, तिकडे मॅनेजरला. टी-शर्टवाल्यालाही ग्राहक भेटायला येतो, मुलाखत द्यावी लागते, कधी नोकरी जाते आणि घाईने दुसरी शोधावी लागते. त्या सकाळी शिंपी सापडत नाही. तेव्हा सोळाचा एक शर्ट आणि आपल्या लांबीची एक पँट घडी करून ठेवलेली असावी.

शेवटी उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती. तुम्ही ढोल शिकवता, मोदक शिकवता, मुलांना बाराखडी शिकवता. गणपतीनंतरच्या एखाद्या रविवारी दोन तास पुरुषांना पँट दुमडून हाताने टाके घालायला आणि बटण लावायला शिकवा. सुई-दोरा ज्याचा त्याने आणावा. टेप एकच पुरे, पण आकडा मोठ्याने वाचणारा माणूस हवा.