नवोदित गुंडांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अ‍ॅक्शनपटात खलनायकाच्या पदरी नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. काम हंगामी आहे, नाश्ता-जेवण मिळते, संवाद नसतात. हिरोला मारणे हे आपले काम, असा बऱ्याच नव्या पोरांचा समज असतो. तो आधी डोक्यातून काढा आणि पुढचे नियम पाठ करा.

१. नंबर आल्यावरच मार खावा
तुम्ही चाळीस, हिरो एकटा. सगळ्यांनी एकदम झडप घातली तर दोन मिनिटांत त्याचा निकाल लागेल आणि सिनेमाचाही. म्हणून रेशनच्या दुकानासमोर थांबतो तसे थांबावे. नंबर न आलेल्यांनी मागे काठ्या परजत, जागच्या जागी उड्या मारत ओरडत राहावे. पाठीमागून वार करायचाच असेल, तर आधी मोठ्याने आरोळी ठोकावी. हिरोला वळायला वेळ मिळाला पाहिजे.

२. नेमबाजी
तुमच्या हातात स्टेनगन, दहा फुटांवर समोर पांढरा शर्ट. तरीही नेम माठ, आरसा किंवा पाण्याच्या टाकीवरच धरावा. हिरोने टेबल आडवे पाडले की गोळीबाराचा काही उपयोग नाही. त्या फळीतून गोळी जात नाही. तिच्यामागे तुम्ही असाल तर जाते. त्याच्याकडे सहाबारी रिव्हॉल्व्हर असल्यास बार मोजत बसू नये. सहा झाले म्हणून डोके वर काढलेले आपले कितीतरी सहकारी सातव्या गोळीने गेले. चुकून तुमची गोळी लागलीच, तर ती दंडाला लागावी. नायिका ओढणी फाडून पट्टी बांधते आणि पुढच्या गाण्यात तोच हात उंचावून हिरो नाचतो.

३. भौतिकशास्त्र घरी ठेवून यावे
ठोसा पोटात बसला की खाली न कोसळता वर जावे. कमरेला हार्नेस असतो, पलीकडे दोर ओढणारी माणसे असतात आणि दोर मागाहून संगणकावर पुसतात. तेव्हा लाजू नये. 'बाहुबली २'मध्ये (२०१७) वाकवलेली ताडाची झाडे सोडून सैनिक तटापलीकडे भिरकावले जातात आणि उतरल्या उतरल्या लढायला लागतात. 'केजीएफ २'मध्ये (२०२२) हिरो मशीनगनने पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि लालबुंद झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. अशा वेळी मध्ये जाऊ नये. तो त्याचा खासगी वेळ असतो.

४. बॉसला सल्ला देऊ नये
हिरो खुर्चीला बांधलेला असताना 'आत्ताच उडवू या का, बॉस?' असे विचारणारा गुंड पुढच्या दृश्यात दिसत नाही. बॉसला आधी सगळा बेत सांगायचा असतो, हिरोच्या बापाला कोणी मारले ते सांगायचे असते आणि मग पुरेसे हसायचे असते. तुम्ही फक्त गाठ सैल बांधावी.

५. जुन्याजाणत्यांच्या गप्पा
मागच्या पिढीतले गुंड भेटले की 'शोले'चा (१९७५) विषय निघतोच. दोन हिरोंपैकी वीरू गोळ्या आणायला गेलेला, जय पुलाशी एकटा, आपल्या माणसांची गोळी त्याला लागलेली. शेवटच्या गोळीने तो पुलावरचा डायनामाइट उडवतो आणि मरतो. लक्षात घ्या, त्या सिनेमात हिरोच्याही गोळ्या संपत होत्या! म्हणून प्रत्येक गोळीला किंमत होती आणि समोर उभे राहणाऱ्या आपल्या माणसांनाही.

दुसरा विषय 'कुली'चा. जुलै १९८२मध्ये बेंगळुरूत मारामारीचे चित्रण चालू असताना उडीचा अंदाज चुकला, टेबलाचा कोपरा अमिताभ बच्चन यांच्या पोटात लागला आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. पुढच्या वर्षी सिनेमा आला तेव्हा नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवून पडद्यावर तशी सूचना दिली होती. मूळ कथेत हिरो मरायचा होता. दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी शेवट बदलला आणि सिनेमातला हिरो गोळ्या खाऊनही जगला. एका टेबलाच्या कोपऱ्याला जे जवळजवळ जमले होते ते बंदुकांना जमू दिले नाही. त्या वेळी ते योग्यच होते. हळहळणाऱ्या प्रेक्षकांना तेच हवे होते. पण गोळ्या खाऊनही जगणे हा पुढच्या हिरोंनी आपला कायमचा हक्क समजला.

६. मागण्या व तक्रारी
हिरोला मरू द्या, अशी मागणी कोणी करू नये. निर्माता चहासुद्धा बंद करील. मागायचे ते एवढेच, की मध्यंतराआधी आपल्या एका तरी फटक्याने हिरो लंगडावा आणि शेवटच्या पाटीपर्यंत लंगडतच राहावा. 'डाय हार्ड'मध्ये (१९८८) हिरो अनवाणी फुटक्या काचांवरून पळतो आणि मग रक्ताळलेले पाय फरफटत न्हाणीघरात बसून काचा उपसतो. तेव्हा पाहणाऱ्याचे पाय आपोआप आखडतात. आपली धास्ती प्रेक्षकाला अशीच वाटते. हिरोला कधी काही होतच नसेल, तर आम्ही चाळीस काय आणि चारशे काय, प्रेक्षक खिशातून मोबाइल काढतो. निर्मात्याने आणखी गुंड भरती करण्याऐवजी हिरोच्या पायाला एक काच लावली तर खर्चही वाचेल.

ही मागणी मान्य होईपर्यंत गादी नेमकी कुठे अंथरली आहे ते पाहून मगच पडावे.