पापणी न लवणारे वीर

डोळ्याचा ओलावा अश्रूंच्या पातळ थरावर टिकतो. या थरात पाण्यावर तेलाची साय असते. ते तेल पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येते आणि पापणी लवली की डोळाभर पसरते. माणसाची पापणी एरवी मिनिटाला १५-२० वेळा लवते. व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर शत्रू दिसताच हा आकडा निम्म्याखाली घसरतो, आणि लवते तीही अर्धवट. डोळ्यांत तेल घालून शत्रूची वाट पाहणाऱ्याचे खरे तेल ग्रंथीतच अडकून राहते.

कुवेतमध्ये या पराक्रमाला हवामानाची साथ आहे. २१ जुलै २०१६ रोजी तिथल्या मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हाळ्यात सालमिया किंवा मंगफमधली मराठी आईसुद्धा ‘जरा बाहेर जाऊन खेळ’ म्हणत नाही. मुलगा घरात, एसी चोवीस तास चालू आणि सोफा नेमका झोतासमोर. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, झोत डोळ्यातला. शमाल वारा सुटला की खिडकीच्या फटीतून धूळही येते. शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्याने गुरुवारचा सामना पहाटेपर्यंत रंगतो. मग डोळ्यांत खडे टोचतात, जळजळ होते आणि वर पाणीही गळते. कोरड्या डोळ्यातून पाणी कसे, असे आजोबा व्हिडिओ कॉलवर विचारतात. चिडलेला डोळा घाईने पातळ पाणी सोडतो. ते टिकत नाही.

सोफ्याची जागा आईने ठरवलेली असते, तेव्हा एसीची पातीच वळवावीत. पडदा हातभर लांब आणि नजरेच्या किंचित खाली असावा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट दूर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटाव्यात. फ्लॅटमध्ये २० फूट सापडत नाहीत. समोरच्या इमारतीची गच्ची चालते. पुढचा सामना लोड होईपर्यंत गेम स्वतःच विश्रांती देतो, पण तेवढ्यात वीर मोबाइल उघडतो.

निळा प्रकाश अडवणारे चष्मे ऐटीत दिसतात, मात्र वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे आढळले नाही. कृत्रिम अश्रू वारंवार लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत; लाली घालवणारे थेंब रोज टाकू नयेत. डोळा दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले तर नेत्रतज्ज्ञ गाठावा. शेजारच्या काकांना लागू पडलेली बाटली काकांकडेच राहू द्यावी.